हॉल घुमतो? नवे स्पीकर घेण्याआधी हे सात टप्पे करा

हॉल नवा कोरा. खाली चकचकीत फरशी, भिंतींना ग्रॅनाइटचा पट्टा, दर्शनी बाजूला काच, तिन्ही बाजूंनी गॅलरी आणि मधे थेट छतापर्यंत मोकळी पोकळी. इंजिनिअर तिला अ‍ॅट्रियम म्हणतात, गावात तो नुसता ‘मोठा हॉल’. उद्घाटनाचं भाषण सुरू होतं आणि मागून कोणीतरी म्हणतं, "काय बोलून राहिला, काईच समजून नाई राहिलं." की लगेच समितीतला एक जण साऊंडवाल्याला हाताने खूण करतो: वाढव!

तिथून पुढे सगळं चुकत जातं. वाढवल्यावर आणखी समजेनासं होतं, मग मोठे स्पीकर येतात, मग माइक शिट्टी मारू लागतो. वर्धा-यवतमाळ भागात साऊंडचं काम करताना हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की आता हॉलमध्ये पाय टाकला की आधी टाळी वाजवतो, मग नमस्कार करतो.

अशा हॉलमध्ये आवाज कमी पडत नसतो, तो मरत नसतो. ‘कापूस’ म्हटलं तर ‘का’मधला ‘आ’ फरशी, काच आणि छत यांच्यात दोन-तीन सेकंद फिरत राहतो. पुढचा ‘पू’ आणि ‘स’ त्याच्याखाली गाडले जातात. स्वर लांब आणि दणकट असतात. क, त, प, स ही व्यंजनं क्षणभराची आणि नाजूक. शब्द ओळखता येतो तो व्यंजनांवरून. आवाज वाढवला की स्वराची शेपटीही तेवढीच वाढते, म्हणून फायदा शून्य.

उलट अनुभव घ्यायचा असेल तर दिवाळीनंतर कोणाच्याही घरी कापूस भरलेल्या खोलीत जाऊन दोन वाक्यं बोला. आवाज तोंडातून निघतो आणि जागीच बसतो. आपल्याला हॉलची कापसाची खोली करायची नाही, पण त्या दिशेने काही पावलं न्यायचा आहे.

## कामाचा हंगाम आधी ठरवा

शोषक, म्हणजे आवाज पिणारा माल छताला टांगायचा असतो, आणि छत गळत असेल तर तो माल वाया गेला म्हणून समजा. जून-जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात हॉलमध्ये उभं राहून गळणाऱ्या जागा खडूने खुणा करून ठेवा. गळती पोळ्यापर्यंत दुरुस्त करा, परतीच्या पावसात पुन्हा तपासा. टांगण्याचं काम दसरा ते तुळशीचं लग्न या मधल्या दिवसांत उरका. एकदा लगीनसराई लागली की हॉल तुम्हाला सलग दोन दिवसही मिळणार नाही.

## टप्पा १: रिकामा हॉल मोजा

पहाटे किंवा रात्री जा. पंखे, कूलर, ट्यूबलाइटचे जुने चोक, सगळं बंद करा.

लागणारं सामान: बाजारातले मोठे फुगे, टाचणी, एक फोन, टेप.

फुगा वक्ता उभा राहतो तिथे, छातीच्या उंचीवर धरून फोडा. फोन हॉलमध्ये निरनिराळ्या पाच जागी ठेवून प्रत्येक जागी तीन वेळा रेकॉर्ड करा. फोनमधला ‘गोंगाट कमी करा’ असा पर्याय बंद हवा, नाहीतर फोन स्वतःच शेपटी कापून टाकतो आणि तुम्हाला हॉल उत्तम वाटतो. घुमण्याचा काळ काढून देणारी फुकट अ‍ॅप्स मिळतात. तांत्रिक व्याख्या अशी: आवाज ६० डेसिबल (डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप) खाली यायला लागणारा वेळ. अ‍ॅप नसेल तर तिघांनी फोनचं स्टॉपवॉच लावून फुग्यापासून पूर्ण शांततेपर्यंतचा वेळ घ्यावा आणि सरासरी काढावी. अचूक नाही, पण दोन सेकंद की सहा सेकंद हे नक्की कळतं.

मग टाळी. मंचावर एक जोरदार टाळी वाजवा आणि कान द्या.

- ‘टर्रर्र’ असा चेन ओढल्यासारखा आवाज आला तर समोरासमोरच्या दोन सपाट भिंती चेंडूसारखा आवाज एकमेकींकडे फेकत आहेत.
- टाळी वेगळी, स्पष्ट परत ऐकू आली तर तो मागच्या भिंतीचा प्रतिध्वनी. थेट आवाज आणि परतलेला आवाज यांच्या वाटेत १७ मीटरच्या वर फरक पडला, म्हणजे सुमारे ५० मिलिसेकंद, की कान दोन्ही वेगळे धरू लागतो. २४ मीटर लांबीच्या हॉलमध्ये वक्त्याला स्वतःचाच शब्द साधारण १३० ते १४० मिलिसेकंदांनी परत मिळतो, म्हणून तो अडखळतो. लोकांना वाटतं घाबरला.
- नुसतं लांब ‘हूंऽऽ’ आलं तर एकूणच शोषण कमी आहे.

शेवटची चाचणी शब्दांची. पन्नास सुटे शब्द लिहून काढा, एकमेकांशी मिळतेजुळते: तूर, दूर, सूर, पीक, ठीक, भीक, खत, मत, छत, वीज, बीज. एकाने मंचावरून नेहमीच्या माइकवर वाचायचे, पाच जणांनी शेवटच्या रांगेत बसून लिहायचे. ‘वाक्य समजलं का’ असं विचारू नका. ओळखीचं वाक्य माणूस अंदाजाने पूर्ण करतो. सुटा शब्द फसवू देत नाही. पन्नासपैकी किती बरोबर आले ते तारखेसह लिहून ठेवा, हा कागद शेवटी लागेल.

इशारा: भरलेल्या हॉलमध्ये मोजून निर्णय घेऊ नका. माणसं स्वतःच आवाज पितात. का, ते पुढच्या हिशेबात दिसेल.

## टप्पा २: किती शोषण हवं याचा हिशेब

एक मीटर बाय एक मीटरची उघडी खिडकी डोळ्यांपुढे आणा. तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. हेच आपलं माप; त्याला आपण ‘एक खिडकी’ म्हणू. एक चौरस मीटर फरशी म्हणजे फक्त ०.०१ खिडकी. रंगवलेला गिलावा ०.०२. जाड पडदा भरपूर चुण्या घालून टांगला तर अर्ध्या खिडकीच्या आसपास. ५० मिलिमीटर जाडीचा, घनमीटरला ४८ किलो घनतेचा काचलोकर किंवा रॉकवूलचा स्लॅब (काचेच्या किंवा दगडाच्या तंतूंची दाबून केलेली लादी) ०.९ किंवा त्याहून जास्त. कपडे घातलेला बसलेला माणूस साधारण ०.४. प्लास्टिकची खुर्ची जवळजवळ काहीच नाही.

सूत्र एकच आहे: घुमण्याचे सेकंद = ०.१६१ × हॉलचं घनफळ (घनमीटर) ÷ एकूण खिडक्या.

आता एक हॉल घेऊ: २४ × १५ मीटर, उंची ८ मीटर (सुमारे ८० बाय ५० फूट, २६ फूट उंच). घनफळ २,८८०. त्याला ०.१६१ ने गुणलं की ४६४. फुग्याने मोजलेला काळ समजा ६ सेकंद आला. म्हणजे आज हॉलमध्ये ४६४ ÷ ६ = ७७ खिडक्या आहेत. भाषण आणि भजन दोन्ही चालवायचं असेल तर रिकाम्या हॉलमध्ये २ सेकंद हे ध्येय ठेवा. त्यासाठी ४६४ ÷ २ = २३२ खिडक्या हव्यात. कमी पडतात १५५. स्लॅबच्या भाषेत १५५ ÷ ०.९ = सुमारे १७२ चौरस मीटर.

आकडा ऐकून समितीचे चेहरे पडतात. "चार पडदे लावून नाही होत का?" नाही होत, आणि हिशेब कागदावर असला की हे सांगणं सोपं जातं.

माणसांचा खेळ पाहा. काहीच न केलेल्या हॉलमध्ये ३०० माणसं बसली की १२० खिडक्या वाढतात आणि काळ २.४ सेकंदांवर येतो. लग्नात म्हणूनच फारशी तक्रार येत नाही. ग्रामसभेला ४० जण आले तर वाढतात फक्त १६, काळ ५ सेकंदांवर अडकलेला. ठेकेदार उद्घाटनाच्या गर्दीत म्हणतो, "पाहा, बरोबर तर आहे." गर्दी गेली की त्याचा फोन लागत नाही. १५५ खिडक्या वाढवल्यावर हेच आकडे ४० माणसांना १.९ आणि ३०० माणसांना १.३ सेकंद असे होतात. म्हणून हिशेब नेहमी कमी गर्दीचा करायचा.

तपासा: लांबी-रुंदी फुटांत मोजली असेल तर आधी मीटर करून घ्या. फूट तसेच टाकले तर उत्तर पार चुकतं.

## टप्पा ३: बिछायत केंद्राच्या गाद्यांची रंगीत तालीम

पैसे खर्च करण्याआधी एक दिवस गाद्या भाड्याने आणा. चाळीस-पन्नास गाद्या गॅलरीच्या कठड्यावरून खाली सोडा, काही मागच्या भिंतीला उभ्या टेकवा. पुन्हा टाळी, पुन्हा फुगा, पुन्हा पन्नास शब्द.

गाद्यांनी हॉल पूर्ण सुधारणार नाही, तेवढं क्षेत्रच होत नाही. पण कोणत्या भिंतीवर गाद्या लावल्यावर ‘टर्रर्र’ थांबलं, मागचा प्रतिध्वनी कुठे तुटला, हे स्वस्तात कळतं. शिवाय सरपंचांपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांना फरक स्वतःच्या कानांनी ऐकू येतो आणि निधीची चर्चा दहा मिनिटांत संपते.

गाद्या संध्याकाळी परत करा. कायमच्या ठेवायच्या नाहीत. हळदीचे दिवे, होम आणि फटाके जिथे असतात तिथे टांगलेला कापूस म्हणजे वात.

## टप्पा ४: माल निवडणं

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, म्हणून जरा थांबतो.

अंड्याचे ट्रे. पातळ पुठ्ठा. वरच्या पट्टीतला थोडा आवाज पितो, बाकी तसाच. पेटतो मात्र झटक्यात.

थर्माकोल. आत बंद फुगे असल्याने हवा शिरत नाही, म्हणून आवाजही शिरत नाही. उष्णता अडवतो म्हणून आवाजही अडवेल हा गैरसमज तालुक्याच्या दुकानातही ऐकायला मिळतो. आगीत वितळून थेंब-थेंब खाली पडतो.

फोम. साधा गादीचा फोम आवाज पितो, पण पेटला की विषारी धूर करतो. गर्दीच्या जागी नकोच.

बारदाना आणि कापूस. आवाजाला उत्तम, पण आग, उंदीर आणि कसर यांना आमंत्रण.

रॉकवूल किंवा काचलोकर. हेच घ्या. जळत नाही. ५० मिलिमीटर जाडी, घनता ४८ किलो. २५ मिलिमीटर स्वस्त पडतं म्हणून ते घेऊ नका. त्यात स्वराची जाड शेपटी तशीच उरते. वर काचेच्या तंतूंचा पातळ टिश्यू लावलेला माल मागा, म्हणजे कण खाली झडत नाहीत.

स्लॅब चौकटीत बसवून वर कापड लागतं; त्यालाच पुढे पॅनल म्हटलं आहे. कापड निवडायची कसोटी एकच: ते तोंडाला घट्ट लावा आणि फुंका. श्वास सहज आरपार गेला तर चालेल. सुती खादी चालते. आग लवकर न धरण्याची प्रक्रिया केलेलं कापड मिळालं तर ते आधी घ्या. रेक्झिन आणि फ्लेक्स सपशेल नापास. एका हॉलमध्ये मी स्वतः, पुसायला सोपं जाईल म्हणून, रेक्झिन वापरलं होतं. दोनशे पॅनल टांगून झाल्यावर फुगा फोडला आणि आकडा जवळजवळ जागचा हललाच नाही. सगळं उतरवून पुन्हा कापड घातलं, ते माझ्या खिशातून.

भिंतीवर हात लागतो तिथे कापडाऐवजी पुढे बांबूचे तट्टे लावता येतात. बुरडांकडून वीण मोकळी करून घ्या, घट्ट विणलेला तट्टा आवाज परत फेकतो. सूर्याकडे धरल्यावर प्रकाशाचे कवडसे भरपूर पडले पाहिजेत. बांबूला बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून घुणापासून वाचवायला विसरू नका.

## टप्पा ५: टांगणं, आणि कुठे टांगू नये

क्रम असा ठेवा.

१. छत. सर्वांत मोठं मोकळं क्षेत्र तेच, आणि कोणाचा हातही लागत नाही. स्लॅब छताला चिकटवू नका, मागे १५ ते २० सेंटिमीटर पोकळी सोडून टांगा. तेवढ्याच मालात खालच्या पट्टीचा आवाज जास्त पितो. पत्र्याचं छत असेल तर पोकळी हवीच, मे महिन्यात पत्र्याला हात लावून पाहिलेला माणूस कारण विचारणार नाही.

पंखे आणि दिवे फार असतील तर पॅनल आडवे न लावता उभे, कपडे वाळत घातल्यासारखे रांगेत टांगा. दोन्ही बाजू उघड्या राहिल्याने तेवढ्याच मालात साधारण दीडपट काम होतं. ४ बाय २ फुटांचे पॅनल धरले तर आपल्या हॉलला आडवे सुमारे २४० लागले असते, उभे १६० पुरतात.

२. गॅलरीच्या खालची बाजू. तिथे बसणाऱ्यांची तक्रार सर्वांत जुनी असते.

३. मागची भिंत, सात फुटांच्या वर. गॅलरीचा मंचाकडे तोंड केलेला कठडाही यातच धरा, तो लोक हमखास विसरतात.

४. बाजूच्या भिंती. इथे समोरासमोर दोन्हीकडे लावायची गरज नसते. एका भिंतीवर जिथे पॅनल आहे, त्याच्या समोर मोकळी भिंत आणि पुढे उलट, असं बुद्धिबळाच्या पटासारखं लावलं की टर्रर्र थांबतं.

मंचाच्या डोक्यावरचं छत आणि मंचाच्या लगतच्या भिंती कडकच ठेवा. तिथून परतलेला आवाज मूळ आवाजाच्या पाठोपाठ पोहोचतो आणि त्याला बळ देतो. कीर्तनकाराला माइक नसतानाही पाच-सहा रांगांपर्यंत पोहोचायला हीच भिंत मदत करते.

इशारा: कापड आणि चौकटीसह चौरस मीटरला ५-६ किलो धरा. १७० चौरस मीटर म्हणजे सुमारे एक टन. छताच्या कैच्या ते पेलतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. पंख्याच्या हुकाला काहीही टांगायचं नाही. प्रत्येक पॅनलला स्वतंत्र तारा, एक तुटली तरी दुसऱ्यांनी धरलं पाहिजे. लोकर हाताळणाऱ्या मजुरांना हातमोजे, मास्क आणि चष्मा द्या; खाज दोन दिवस जात नाही.

तपासा: अर्धे पॅनल लागल्यावर थांबून फुगा फोडा. काळ हिशेबाप्रमाणे उतरत नसेल (आपल्या हॉलमध्ये ७८ खिडक्या वाढल्यावर ३ सेकंदांच्या आसपास यायला हवा) तर पुढचे लावण्याआधी कापड तपासा.

## टप्पा ६: कूलर

विदर्भात एप्रिल-मे-जूनमध्ये हॉल म्हणजे कूलर. मोठ्या डक्ट कूलरच्या तोंडासमोर माझ्या फोनवर ७० डेसिबलच्या वर आकडा गेलेला आहे. भाषण नीट समजायचं तर ते गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबल वर लागतं. म्हणजे कूलरशेजारच्या खुर्चीला ८५, आणि तेवढं दिलं की पुढची रांग कानावर हात ठेवते.

पट्टा-पुलीचा कूलर असेल तर पुली बदलून पंख्याचा वेग पाव हिश्शाने कमी करा. आवाज साधारण ६ डेसिबल उतरतो. हवा कमी पडली तर दोन हळू चालणारे कूलर एका सुसाट कूलरपेक्षा बरे. कूलर आणि डक्टच्या मधे कॅनव्हासचा जोड द्या, पायाखाली रबर टाका. डक्टचं तोंड पॅनलकडे कधीच नको: ओलसर वारा सतत लागला की कापडावर बुरशी धरते आणि स्लॅब फुगून लोंबतो.

## टप्पा ७: स्पीकर, सर्वांत शेवटी

आता स्पीकरकडे वळा. जुनेच पुरतात का ते आधी पाहा, बहुतेक वेळा पुरतात.

दोन मोठे स्पीकर मंचाच्या कोपऱ्यांत ठेवून पूर्ण हॉल भरण्याचा हट्ट सोडा. उभे, अरुंद कॉलम स्पीकर घ्या आणि ते ऐकणाऱ्यांच्या डोक्यांकडे किंचित झुकवा. भिंतीकडे किंवा छताकडे गेलेला प्रत्येक तुकडा गोंधळ होऊन परत येतो. हॉलच्या मध्यावर लहान स्पीकरची दुसरी जोडी द्या, हळू आवाजात. तिला उशीर द्यावा लागतो: दर मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. पहिल्या जोडीपासून १५ मीटरवर असेल तर ४३, वर आणखी १० ते १५. मग कानाला आवाज मंचाकडूनच आल्यासारखा वाटतो. उशीर न देता जोडलेले मागचे स्पीकर म्हणजे स्वतःच्या खर्चाने घेतलेला प्रतिध्वनी.

माइक तोंडापासून चार बोटांवर. अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल फुकट मिळतात. १०० हर्ट्झच्या खालचा, म्हणजे अगदी खालच्या पट्टीचा भाग मिक्सरवर कापा. वापरात नसलेले माइक बंद. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची मोकळीक ३ डेसिबलने कमी होते. आणि अँप्लिफायरवरची ‘इको’ची खुंटी शून्यावर. भजनी मंडळं ती मागतात, मला माहीत आहे. खंजिरीचा एकेक ठोका सुटा ऐकवून दाखवा, मग बहुतेक जण हट्ट सोडतात.

शेवटी पन्नास शब्दांची तीच यादी काढा. हॉलमध्ये ४० माणसं, कूलर चालू, तोच वाचणारा. आधीचा आणि आताचा आकडा शेजारी-शेजारी लिहा. खुंट्यांच्या जागा रंगाच्या ठिपक्याने खूण करा आणि फोटो काढून अँप्लिफायरच्या पेटीत आतून चिकटवा.

एक कागद पेंटरसाठीही लावा, जिन्याजवळ, ठळक अक्षरांत: पॅनलच्या कापडाला रंग मारू नये. पुढच्या दिवाळीत कोणीतरी हौसेने ब्रश घेऊन वर चढणारच आहे.